डिझाइनच्या कामात एआय : नाशिकमधून सतत येणारे प्रश्न

कॉलेज रोडवरचे छोटे स्टुडिओ, सातपूर-अंबडमधले पॅकेजिंगवाले, फ्लेक्स छापणारे, येवल्याचे पैठणी विक्रेते आणि डिझाइन शिकणारी मुलं यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चित्र बनवणारं एआय नेमकं काय करतं?

बरीच साधनं डिफ्यूजन पद्धतीने चालतात. शिकवताना मॉडेलला कोट्यवधी चित्रं आणि त्यांची वर्णनं दाखवतात. प्रत्येक चित्रात थोडे थोडे विस्कळीत ठिपके मिसळत ते पार पुसून टाकतात आणि ते ठिपके परत कसे काढायचे हे मॉडेल शिकतं. तुम्ही प्रॉम्प्ट, म्हणजे हव्या त्या चित्राचं शब्दांतलं वर्णन, देता तेव्हा ते नुसत्या ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि तुमच्या शब्दांच्या आधाराने टप्प्याटप्प्याने ते साफ करत चित्रापर्यंत येतं. तुमचा ग्राहक, त्याचं दुकान, छपाईचं मशीन यांपैकी त्याला काहीच ठाऊक नसतं. अमुक शब्दांबरोबर चित्र बहुतेक वेळा कसं असतं, एवढंच त्याला कळतं. म्हणून सगळ्यांत आधी येतं ते सगळ्यांत जास्त वेळा काढलं गेलेलं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ इथे आहे.

डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही तिन्ही साधनं २०२२मध्ये आली, अडोबीचं फायरफ्लाय मार्च २०२३मध्ये.

२. एआय वापरल्याने माझी कल्पकता कमी होईल का?

क्रम चुकला तर होते. आधी एआय उघडून मग विचार करायला बसलात, तर विचार त्याने दाखवलेल्या चित्राभोवतीच फिरत राहतो.

हे एआयच्या आधीपासून माहीत आहे. जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१मध्ये डिझाइन करणाऱ्यांना न सांडणारा कॉफीचा कप करायला सांगितला. स्ट्रॉ आणि तोंडाशी धरायची नळी वापरू नका, अशी स्पष्ट सूचना होती. ज्यांना नमुना म्हणून स्ट्रॉ असलेला कप दाखवला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आराखड्यात सूचना असूनही स्ट्रॉ आलाच. डोळ्यांपुढचा नमुना, चुकीचा असला तरी, हाताला ओढून नेतो. २०२४मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रश्न एआयबाबत तपासला. चॅटबॉटसाठी चेहरा रेखाटण्याच्या कामात एआय चित्रांची मदत घेणाऱ्यांच्या कल्पना कमी निघाल्या, त्यांच्यात विविधता कमी होती आणि नमुन्याला चिकटून राहणं जास्त होतं.

त्याच वर्षी दोशी आणि हॉसर यांचा लघुकथांवरचा अभ्यास आला. एआयकडून कल्पना घेतलेल्या कथा एकेकट्या वाचल्या तर अधिक चांगल्या वाटल्या, विशेषतः मुळात कमी कल्पक असलेल्यांच्या. पण त्या एकमेकींसारख्या होत गेल्या. डिझाइनच्या धंद्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाच चिवडेवाल्यांची पाकिटं एकाच साधनातून सुधारली, तर प्रत्येकाला आपलं पाकीट आधीपेक्षा छान वाटेल, पण दुकानातल्या फळीवर एकही वेगळं दिसणार नाही. आणि पाकिटाचं पहिलं काम तर वेगळं दिसण्याचंच आहे.

यामागे साधं कारण आहे. कच्च्या स्केचमध्ये मोकळ्या जागा असतात आणि त्या भरताना डोकं चालतं. एआयचं चित्र पहिल्या क्षणापासून पूर्ण झाल्यासारखं दिसतं, त्यात हात घालावासा वाटत नाही.

३. मग कामाच्या कोणत्या टप्प्यावर एआय उघडावं?

तुमच्या स्वतःच्या कल्पना कागदावर आल्यानंतर. समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन आहे.

आधी माहिती गोळा करा. खोक्याचं माप, किती रंगांत छापणार, खोके एकावर एक रचल्यावर कोणती बाजू दिसते, बाजारात शेजारी कोणाचे खोके असतात. शेजारच्या खोक्यांचे फोटो काढा.

मग कागदावर २० छोटी चौकट-चित्रं काढा, प्रत्येक साधारण ४ बाय ६ सेंटिमीटरचं. जाड पेन घ्या, खोडरबर नको. अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या सहा-सात चौकटींत घोस, सूर्य, हसरा शेतकरी असंच येईल. ते येऊ द्या, पण तिथे थांबू नका. नेमकं तेच एआयही देणार आहे. खरं काम दहाव्या चौकटीपुढे सुरू होतं.

त्यातली तीन निवडा आणि प्रत्येकीखाली एका वाक्यात कारण लिहा. ‘रचलेल्या खोक्यांची फक्त अरुंद बाजू दिसते म्हणून नाव तिथे उभं’ असं ठोस कारण हवं. ‘छान वाटतं’ हे कारण होत नाही.

आता एआय उघडा. स्केचचा फोटो देऊन चित्रावरून चित्र करण्याची सोय वापरा. स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनात बदलाची तीव्रता ०.४ ते ०.६ ठेवा. ०.८च्या पुढे गेलात की तुमची मांडणी नाहीशी होते. प्रत्येक कल्पनेची आठ-दहा रूपं पुरेत. शंभर काढली तर शेवटी निवड थकव्यातून होते.

शेवटी एआय बंद करा आणि अंतिम चित्र स्वतः वेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेघांत) काढा. या शेवटच्या पायरीला अनेक जण फाटा देतात आणि मग छपाईत अडकतात (प्रश्न ११).

४. कोणती कामं बिनधास्त एआयवर सोपवावीत?

फोटोची पार्श्वभूमी काढणं, फोटोची कड वाढवणं, बाटली किंवा खोका दुकानात कसा दिसेल याचं नमुनाचित्र, एकाच जाहिरातीची पंधरा मापं, फायलींना नावं देणं, लांबलचक ब्रीफमधून मुद्दे काढणं. यात वाचलेला वेळ स्केच काढायला वापरा.

५. सगळ्यांची डिझाइन्स सारखी दिसायला लागली आहेत. माझी वेगळी कशी ठेवू?

आधी एआयच्या सवयी ओळखा. विषय बरोबर मध्यभागी, मागून सोनेरी उजेड, जांभळा-निळा उतरता रंग, मेणासारखी त्वचा, धूसर पार्श्वभूमी आणि मोकळी जागा दिसली की नक्षी. तुमच्या कामात यातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील तर पुन्हा बघा.

एक उपाय फार उपयोगी पडतो. एआयला नाकारायची यादी करायला लावा. ‘नाशिकच्या वाइनच्या लेबलासाठी सगळ्यांना सुचतील अशा वीस कल्पना सांग’ असं विचारा. द्राक्षाचा घोस, ओकचं पिंप, टेकडीमागचा सूर्यास्त, वेलीचं वळण, हे सगळं येईल. त्या वीसही खोडा आणि उरलेल्या जागेत शोध सुरू करा. काहीच सुचत नसेल तेव्हाही एआयकडून चित्र न मागता प्रश्न मागा. ‘हे लेबल कोण, कुठे, किती अंतरावरून बघेल?’ असे दहा प्रश्न आले की अडलेली गाडी पुढे सरकते, आणि डोळ्यांपुढे परक्याचं चित्रही येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे स्वतःचा कच्चा माल. तांब्याच्या भांड्यावरचे ठोके, लासलगावच्या कांद्याच्या गोण्यांवरची छापील अक्षरं, रविवार कारंजाच्या परिसरातल्या जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, काळाराम मंदिराच्या दगडाचा पोत. यांचे फोटो स्वतः काढा आणि संदर्भ म्हणून द्या. मॉडेलकडे नसलेली गोष्ट तुम्ही दिलीत तरच मॉडेलकडे नसलेलं काही बाहेर येईल.

तिसरा उपाय बंधनांचा. दोनच रंग, सपाट रंगभरणी, सावली नाही, असं ठरवून टाका.

६. प्रॉम्प्ट मराठीत लिहावा की इंग्रजीत?

लिखाणाचं काम करणाऱ्या एआयला मराठी चांगली समजते, तिथे मराठीतच बोला. चित्रांच्या मॉडेलांची शिकवणी मात्र बहुतांशी इंग्रजी वर्णनांवर झाली आहे. शिवाय जुन्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये प्रॉम्प्टचे फक्त ७७ तुकडे वाचले जातात. देवनागरी शब्दाचे तुकडे जास्त पडतात, त्यामुळे एका-दीड वाक्यातच मर्यादा संपते.

विचार मराठीत करा, प्रॉम्प्ट इंग्रजीत द्या. पण नुसतं नाव देऊ नका, डोळ्यांना काय दिसायला हवं ते सांगा. ‘नथ’ म्हटलं की उत्तरेकडची मोठी गोल नथणी येते. ‘मोत्यांच्या झुपक्याची, मध्ये लाल खडा, नाकपुडीला चिकटलेली’ असं सांगितलं तर जवळ जाता येतं. ३० ते ६० शब्द पुरतात आणि महत्त्वाचं ते आधी.

७. एआयच्या चित्रातली मराठी अक्षरं मोडतात. काय करावं?

एआयकडून अक्षरं काढूनच घेऊ नका. चित्र बनवणारं मॉडेल अक्षराकडे आकार म्हणून बघतं. रोमन अक्षरं नवी मॉडेलं बरी काढतात. देवनागरीत मात्र अजूनही बऱ्याचदा वेलांटी दुसऱ्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं, शिरोरेषा मध्येच तुटते. चुका कधी इतक्या बारीक असतात की फ्लेक्स चौकात लागल्यावरच दिसतात. प्रॉम्प्टमध्ये अक्षरांसाठी मोकळी जागा मागा आणि मजकूर नंतर स्वतः बसवा.

मजकूर बसवतानाही काही ठिकाणी पाय घसरतो. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये भारतीय भाषांचा पर्याय चालू करा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. हे केलं नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. एआयने लिहिलेला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत असतो. तुमच्या कोरल ड्रॉच्या फाइलीत श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असेल, तर मजकूर आधी रूपांतरित करावा लागतो आणि रूपांतरानंतर प्रत्येक जोडाक्षर तपासावं लागतं.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार हिंदीतल्यापेक्षा वेगळे आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्यावर योग्य आकार येतो. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची गल्लतही नेहमीची. केटरिंगवाल्याच्या पत्रकात ‘आचाऱ्यांना’ हवं असताना ‘आचार्यांना’ छापलं गेलं की स्वयंपाक्याचा गुरुजी होतो. एआयच्या मजकुरात ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि हिंदी वळणाची वाक्यंही डोकावतात. छपाईला देण्याआधी एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून जुळवावं.

फॉन्ट विकत घेण्याचं बजेट नसेल तर फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, व्यावसायिक कामाला चालतात.

८. पैठणी, नऊवारी किंवा गोदाघाट मागितला की भलतंच येतं. का?

कारण शिकवणीच्या चित्रांत आपली चित्रं थोडी आणि त्यांची वर्णनं ढोबळ. ‘भारतीय साडी’ या मोठ्या ढिगातून मॉडेल उचलतं.

पैठणी मागितली की बहुधा बनारसीसारखी जरीची बुट्टी येते, किंवा मोराची पिसं छटा देऊन भरतकामासारखी काढलेली असतात. पैठणीच्या पदरावरची नक्षी बाण्याचे (आडवे) रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात. त्यामुळे मोराची कड जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसते, रंग सपाट असतात आणि नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. गुळगुळीत वळणं आणि उतरत्या छटा दिसल्या की ते चित्र विणकराच्या हातातलं नव्हे. येवल्याच्या दुकानासाठी काम करत असाल तर खऱ्या पदराचा सपाट, वरून घेतलेला फोटो वापरा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. खोट्या नक्षीचं चित्र दाखवून खरी पैठणी विकणं हा विणकरावर अन्याय आहे आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही.

नऊवारीत काष्टा मागे खोचलेला असतो. एआय सहावारीच्या निऱ्या पुढे सोडतं आणि त्यालाच नऊवारी म्हणून दाखवतं. नेसलेल्या बाईचा बाजूचा आणि मागचा असे दोन फोटो संदर्भाला दिले तर सुधारणा होते.

गोदाघाट म्हटलं की वाराणसीच्या उंच पायऱ्या आणि नावा येतात. रामकुंडाजवळची कुंडांची रचना, दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ यांतलं काही नसतं. महादेवाच्या देवळापुढे एआय हमखास नंदी बसवतं, आणि पंचवटीतल्या कपालेश्वरापुढे नंदी नाही हे नाशिकच्या प्रत्येकाला माहीत आहे. अशी एक चूक दिसली की बघणाऱ्याचा बाकी जाहिरातीवरचा विश्वासही जातो. ओळखीची खरी जागा दाखवायची असेल तर फोटो काढा किंवा हाताने चित्र काढा. एआय वापराच तर आकाश, उजेड, ऋतू बदलण्यापुरतं.

९. २०२७च्या सिंहस्थासाठी पोस्टर्स करतोय. काय जपायचं?

नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाड्यांचं स्नान होतं, त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर शैव आखाड्यांचं. एआय दोन्ही सरसकट मिसळतं. रामकुंडाच्या पोस्टरवर भस्माचे आडवे पट्टे ओढलेले साधू आणतं, तिथे वैष्णवांचा उभा टिळा, म्हणजे ऊर्ध्वपुंड्र, हवा. त्र्यंबकच्या पोस्टरवर याच्या उलट. कपाळ, माळ, ध्वज आणि हातातली वस्तू या चार गोष्टी जाणकाराकडून तपासून घ्या.

देवतांच्या चित्रांत हात, बोटं आणि आयुधं मोजा. गणपतीची सोंड, सुळा आणि उंदीर पाहा. गर्दीच्या चित्रात मागच्या रांगेतले चेहरे वितळलेले असतात, मोठ्या फलकावर ते भयंकर दिसतात. आणि जे झालंच नाही ते झाल्यासारखं दाखवणारं ‘छायाचित्र’ करू नका. गर्दी, पाणी आणि रस्ते यांबद्दल लोक अशा चित्रांवर विसंबून निर्णय घेतात.

१०. वारली चित्रं एआयने केली तर चालतील का?

टाळा. वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन आहे आणि ती काढणारे कलाकार पालघरबरोबरच नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातही आहेत. एआय त्रिकोणी माणसं काढतं, पण लग्नाचा चौक, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर यांची मांडणी सजावट म्हणून उधळतं. कलाकाराला काम द्या, त्याचं नाव छापा.

११. स्क्रीनवर सुंदर दिसणारं चित्र छापल्यावर खराब का येतं?

तीन कारणं असतात: पिक्सेल, रंग आणि छपाईची पद्धत.

पिक्सेलचा हिशेब असा. १०२४ बाय १०२४चं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) फक्त ८.७ सेंटिमीटर छापता येतं. ए-४ पानाला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चौपट मोठं केलं की ४०९६ पिक्सेल होतात, ते १० फुटांच्या फ्लेक्सवर इंचाला ३४ पडतात. रस्त्यापलीकडून बघायच्या फलकाला एवढं चालून जातं, दुकानाच्या दारातल्या बोर्डाला नाही. मोठं करणारं साधन नसलेले तपशील स्वतः रचतं, म्हणून माणसाचा चेहरा मोठा करताना मूळ फोटो शेजारी ठेवून ताडून पाहा. उमेदवाराचा किंवा दिवंगत व्यक्तीचा चेहरा असेल तर हे साधन वापरूच नका, नाकडोळे बदलतात आणि घरच्यांना ते लगेच कळतं.

एआयची चित्रं आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या, रंगांत असतात. त्यातला झगझगीत निळा, जांभळा आणि पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मरतो. डिझाइन ग्राहकाला दाखवण्याआधी रूपांतर करून पाहा, म्हणजे मान्य झालेला रंग नंतर खाली आणावा लागणार नाही. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवा. एआयच्या चित्रात विषय कडेला चिकटलेला असतो, त्यामुळे ब्लीड आधी वाढवून घ्यावा लागतो.

द्राक्षाचा किंवा डाळिंबाचा पुठ्ठ्याचा खोका फ्लेक्सो (लवचीक ठशाच्या) पद्धतीने, बहुधा एक ते तीन रंगांत छापतात. पुठ्ठा शाई पितो, ठिपके फुगतात, नाजूक छटा एकतर उडून जातात नाहीतर डाग होतात. एआयला छटाच फार आवडतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ आणि गडद रंगातून कोरलेली बारीक पांढरी अक्षरं टाळा, चित्र सपाट रंगांत नव्याने काढा. छापणाऱ्याला काम सुरू करण्याआधीच विचारा. तुमची निम्मी मांडणी त्या उत्तरावर ठरते.

१२. लोगो एआयने करावा का?

शोधाच्या टप्प्यावर चालेल, अंतिम लोगो म्हणून नाही. मिळतं ते पिक्सेलचं चित्र. आपोआप वेक्टर केलं तर शेकडो अनावश्यक बिंदू, वाकड्या कडा आणि असमान जाडी येते, व्हिनाइल कापणाऱ्या मशीनवर ते लगेच उघडं पडतं. लोगो १ सेंटिमीटर रुंदीत, एका रंगात आणि काळ्यावर पांढरा, असा तिन्ही प्रकारे टिकायला हवा.

दुसरा धोका साम्याचा आहे. मॉडेल सरासरीकडे झुकतं, त्यामुळे आलेलं चिन्ह आधीच कोणाचं तरी असण्याची शक्यता जास्त. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध विनामूल्य आहे. तुमच्या मालाच्या वर्गात बघा (वाइनसाठी वर्ग ३३), नाव आणि चित्र दोन्ही तपासा.

१३. पाकिटाच्या मागचा कायद्याचा मजकूर एआयकडून लिहून घेऊ का?

नको. एआय परवाना क्रमांकाच्या जागी खरा वाटेल असा बनावट क्रमांक टाकतं. किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक, हे सारं उत्पादकाकडून लेखी घ्या. शाकाहारी चिन्ह हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ असतं आणि पाकिटाच्या मुख्य बाजूच्या क्षेत्रफळावर त्याचं माप ठरतं. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर. मद्याच्या लेबलावरच्या वैधानिक इशाऱ्याच्या अक्षरांचंही किमान माप ठरलेलं असतं. एआयने केलेल्या नमुनाचित्रात यांना जागाच नसते, म्हणून ही चौकट पहिल्या स्केचपासून धरा.

१४. एआयने केलेल्या डिझाइनची मालकी कोणाची?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कॉम्प्युटरने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, असं कलम २(ड)(सहा) सांगतं. ही तरतूद १९९४च्या दुरुस्तीची, म्हणजे आजच्या एआयच्या फार आधीची आहे. २०२०मध्ये ‘सूर्यास्त’ या चित्रासाठी ‘राघव’ नावाच्या एआय साधनाला सहकर्ता म्हणून नोंदवलं गेलं होतं, पण पुढे कॉपीराइट कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५च्या अहवालात म्हटलं की नुसता प्रॉम्प्ट दिल्याने कर्तेपण मिळत नाही. माणसाने केलेली निवड, मांडणी आणि बदल यांना संरक्षण मिळू शकतं.

व्यवहारात याचा अर्थ स्पष्ट आहे. स्केचेस तारखेसह जपा, एआयची मधली रूपं आणि तुमचे बदल वेगळ्या फायलींत ठेवा. वाद झाला तर हाच पुरावा. ग्राहकाला हक्क देताना लेखी करार करा. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्यातीच्या मालाच्या पॅकेजिंगमध्ये हे हमखास राहून जातं.

१५. एखाद्या चित्रकाराच्या शैलीत किंवा नटाचा चेहरा वापरून काम केलं तर?

हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नका. नुसत्या शैलीवर कॉपीराइट नसला तरी एखाद्या विशिष्ट चित्राशी साम्य आलं तर अडचण येते, आणि कोणाचं तरी आयुष्यभराचं काम फुकट वापरणं मुळातच योग्य नाही. त्या शैलीत नेमकं काय आवडतं, जाड रेघ की रिकामी जागा, ते ओळखून तेवढं सांगा. चेहरा आणि आवाज यांबाबत न्यायालयं कडक झाली आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये अनिल कपूर यांच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिले. दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स लहान आहे म्हणून सूट मिळत नाही.

१६. एआय वापरल्याचं ग्राहकाला सांगावं का?

अंतिम कामात एआयचा भाग उरत असेल तर सांगा, कोटेशनमध्येच एका ओळीत. पार्श्वभूमी काढण्यासारख्या कामासाठी वेगळं सांगायची गरज नाही. त्याहून मोठी काळजी उलट दिशेची घ्यायची आहे. ग्राहकाचं बाजारात न आलेलं उत्पादन, किमती, पाककृती कोणत्याही मोफत साधनात टाकू नका. बऱ्याच सेवा तुम्ही दिलेली माहिती मॉडेलच्या शिकवणीला वापरतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं का पाहा, नाहीतर नाव आणि लेबल झाकून फोटो द्या.

१७. ग्राहक एआयचं चित्र घेऊन येतो आणि ‘असंच करा’ म्हणतो. काय करू?

चित्र बाजूला ठेवून विचारा, यातलं काय आवडलं? बहुतेक वेळा उत्तर एखादा रंग किंवा एक वातावरण असतं, मांडणी नसते. तेवढं लिहून घ्या. मग त्याच चित्राला त्याच्या छपाईच्या मापात, खऱ्या मजकुरासह बसवून दाखवा. किमतीला, चिन्हाला, क्रमांकाला जागा नाही हे त्यालाच दिसतं आणि बोलणी पुढे सरकतात. शेजारी तुमची एक मांडणी ठेवा. एकच, तीन ठेवल्या तर तो दोघींचे तुकडे जोडायला सांगतो.

१८. ‘एआय पाच मिनिटांत करतं, मग पैसे कशाचे?’ याला काय उत्तर द्यावं?

दर तासांवर ठरवू नका, टप्प्यांवर ठरवा: पाहणी आणि माहिती, कल्पना, अंतिम आराखडा, छपाईसाठी फाइल, छपाईची तपासणी. एआयने वेळ वाचतो तो मधल्या भागात. पाहणी आणि छपाईच्या तपासणीत तो वाचत नाही आणि ग्राहकाचं नुकसान याच दोन ठिकाणी टळतं. दहा हजार खोके चुकीचे छापले तर काय किंमत पडते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

१९. डिझाइन शिकणाऱ्यांनी एआय कधीपासून वापरावं?

रेखाटन, अक्षरांची मांडणी आणि रंग यांचा पाया पक्का होईपर्यंत सरावाच्या कामात नको. चांगलं आणि बरं यांतला फरक डोळ्याला कळायच्या आधी एआय हाती आलं तर जे येईल ते चांगलंच वाटतं. एक सराव जरूर करा. एआयचं एक पोस्टर घ्या, त्यातल्या दहा चुका शोधा आणि तेच पोस्टर कागद कापून, दोन रंगांत पुन्हा करा. पोर्टफोलिओत स्केचेस ठेवा. नोकरी देणारे हल्ली तीच आधी मागतात, कारण तयार चित्रावरून विचार कोणाचा हे कळत नाही.

२०. माझ्याच रेखाटनांवर मॉडेल शिकवता येतं का?

येतं. स्टेबल डिफ्यूजनवर लोरा नावाची छोटी जोड स्वतःच्या २० ते ३० चित्रांवर शिकवता येते. ग्राफिक्स कार्डात किमान ८ जीबी मेमरी हवी, १२ असेल तर काम सुरळीत होतं. चित्रं एकाच हाताची पण वेगवेगळ्या विषयांची घ्या. सगळ्यांत झाडच असेल तर ते कपातही झाड काढतं. प्रत्येक चित्राला नेमकं वर्णन लिहा. शिकवणी जास्त झाली तर तीच चित्रं जशीच्या तशी परत येऊ लागतात, तेव्हा शिकवणीच्या पायऱ्या कमी करा किंवा आधी जतन केलेली प्रत वापरा.

एक अडचण मात्र राहते. हे मॉडेल तुमची कालची रेघ शिकलेलं असतं, त्यामुळे प्रश्न २मधलं चिकटून राहणं इथे स्वतःच्याच कामाशी होतं. दर काही महिन्यांनी जुनी निम्मी चित्रं काढून त्यांच्या जागी नवी हाताची रेखाटनं घाला. एआयने काढलेली चित्रं त्या संचात मिसळू नका, दोन-तीन फेऱ्यांतच रेघ पातळ आणि एकसुरी होते.